परमुलखातली मावशी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले होते. फराळाचे डबे घासायला काढले होते आणि रात्री साडेनऊच्या सुमारास बहिणीचा फोन आला, "अगं, लवकर ये. पोरगी दाखवतेय तिकडचं!" बहिणीचं घर दोन गल्ल्या सोडून. मी तशीच ओल्या हातांनी पदराला हात पुसत गेले.

माझी भाची ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला गेली. त्या दिवशी तिच्या विद्यापीठात 'आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह' होता. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर आम्ही सगळे डोकी एकमेकांना टेकवून बघत होतो. तिकडे सकाळचे अकरा वाजलेले. एक मोठा हॉल, छताला ओळीनं देशोदेशीचे झेंडे आणि टेबलामागे आमची पोरगी चक्क इरकली लुगडं नेसून उभी! समोर चिवडा, शंकरपाळे, रांगोळीचे छाप. शेजारच्या टेबलावर कोरियाच्या मुली, पलीकडे कोलंबियाची मुलं, त्यांच्या पलीकडे नायजेरियाची एक मुलगी डोक्याला सुंदर फडकं गुंडाळून उभी. भिंतीवर जगाचा भला मोठा नकाशा होता आणि प्रत्येकानं आपल्या गावाच्या जागी टाचणी टोचायची होती. "मावशी, आपलं गाव नकाशात नव्हतंच. मी अंदाजानं टोचली!" ती हसत म्हणाली. आम्ही इकडे टाळ्या वाजवल्या. बहिणीनं डोळे पुसले. आमच्या तालुक्याची टाचणी अमेरिकेतल्या भिंतीवर लागली, यापेक्षा आणखी काय हवं?

तिकडे हा सप्ताह २००० सालापासून दर नोव्हेंबरात साजरा होत आला आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र आणि शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून तो सुरू केला. परदेशी मुलांनी आपला देश दाखवायचा, तिथल्या मुलांनी तो बघायचा, शिष्यवृत्त्यांची माहिती घ्यायची, दुसऱ्या भाषेतले चार शब्द शिकायचे, एकत्र जेवायचं, असा तो बेत. कल्पना छानच आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र भाचीचा मला एकटीला फोन आला. आवाज जरा जड होता. म्हणाली, "मावशी, काल सगळे माझ्याबरोबर फोटो काढत होते. पण ऑगस्टमध्ये मी आले ना, त्या रात्री खोलीत गादीसुद्धा नव्हती. मी बॅग उशाला घेऊन जमिनीवर झोपले होते. आईला सांगितलं नाही."

"मग गं?" माझ्या पोटात कालवलं.

"मग एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका आहेत. विद्यापीठानं गावातल्या काही घरांची नावं घेऊन ठेवलेली असतात, नव्या परदेशी मुलांना आधार म्हणून. त्यांनी गाडीत गादी घालून आणली. पांघरूण आणलं. तांदूळ कुठे मिळतात ते दाखवलं. आता दर रविवारी जेवायला बोलावतात. माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं करतात. काल गर्दीत त्याही होत्या, पण कोणी त्यांचा फोटो काढला नाही."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्याशी तशीच उभी राहिले. कारण मला दुसरीच एक मुलगी आठवली होती. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, तिची आठवण आली की मला अजून थोडी शरम वाटते.

टाळ्या सगळ्यांच्या, खोली कोणाचीच नाही

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी प्रदर्शनासाठी पुण्याला गेले होते. माझी एक कॉलेजातली मैत्रीण तिथे प्राध्यापक आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, बायकांना घेऊन ये." आम्ही आठजणी गेलो. तिथेही झेंडे होते, नाच होते, खाण्याची टेबलं होती.

एका टेबलावर टांझानियाची एक मुलगी होती. तिच्या समोरच्या पाटीवर लिहिलं होतं 'चपाती'. आमच्या गटातल्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपलीच पोळी!" ती मुलगी हसली. म्हणाली, आमच्या स्वाहिली भाषेतही चपातीच म्हणतात. आणि चहाला चाय. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा'. शेकडो वर्षं हिंदुस्थानचे व्यापारी गलबतांतून तिकडे जात होते, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. आमच्या बायकांना इतकी मजा वाटली! प्रत्येकीनं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. एकीनं तर न विचारता तिच्या बारीक वेण्यांना हात लावून बघितला. तेव्हा तिचा चेहरा क्षणभर आवळला, ते मी पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर मैत्रिणीनं सांगितलं, की ह्या मुलीला राहायला खोली मिळत नाही. सात घरं बघून झाली. फोनवर सगळे 'या' म्हणतात, दारात उभी राहिली की 'आताच दुसऱ्याला दिली' म्हणतात. एका सोसायटीत तर रखवालदारानंच आत सोडलं नाही. तेवढ्यापुरती ती एका मैत्रिणीच्या खोलीत दाटीवाटीनं राहत होती. शिकायला आलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मी म्हटलं, "अरेरे, काय हे लोक!"

मैत्रीण म्हणाली, "लोक जाऊ देत. दिवाळीत सगळ्या मुली घरी जातात, मेस बंद होते. ही कुठे जाणार? चार दिवस तू नेतेस का?"

आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी समाजकार्य करणारी बाई! व्यासपीठावर 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणणारी! मनात काय काय आलं सांगू? ही मांस-मच्छी मागेल का? सासूबाई काय म्हणतील? वाड्यातले लोक काय बोलतील? तिच्या ताटात वाढायचं तरी काय? मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." आता तुम्हीच सांगा, त्या सात घरमालकांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

दाताच्या दवाखान्यात वाचलेलं पत्र

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच नाव घोळत होतं, आनंदीबाई जोशी. आपण शाळेपासून त्यांचा धडा वाचत आलो. पहिल्या महिला डॉक्टर, नवऱ्याचा हट्ट, दहा दिवसांचं बाळ दगावलं म्हणून चौदाव्या वर्षी घेतलेला डॉक्टर होण्याचा ध्यास. पण त्या गोष्टीतली एक बाई आपण पुसट करून टाकली आहे. तिचं नाव थिओडिशिया कार्पेंटर.

गोपाळराव कोल्हापुरास पोस्टात नोकरीला होते. बायकोला अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर नावाच्या पाद्रीसाहेबांनी ते 'मिशनरी रिव्ह्यू' मासिकात छापलं आणि खाली आपलं उत्तर दिलं. धर्म बदलाल तर बघू, असा त्याचा सूर. ही पत्रं न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या ह्या बाईंनी कुठे वाचली, तर दाताच्या डॉक्टरकडे, नंबर येईपर्यंत! कोणाची कोण ती हिंदुस्थानातली मुलगी. पण बाईंनी घरी जाऊन तिला पत्र लिहिलं. पत्रामागून पत्रं गेली. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी एकटी न्यू यॉर्कला उतरली, तेव्हा तिला घ्यायला ह्याच बाई आल्या होत्या. कॉलेज सुरू होईपर्यंत तिला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. तिचा धर्म, तिचा शाकाहार, तिचं लुगडं, काही सोड म्हणाल्या नाहीत. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एक फोटो आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी दिलेल्या स्वागत-समारंभातला. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. लुगड्यातल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. आज विद्यापीठात जो आंतरराष्ट्रीय सप्ताह साजरा होतो, त्याचं चित्र इथे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच काढून ठेवलेलं आहे. फरक इतकाच, की ह्या तिघी एका दिवसापुरत्या नटल्या नव्हत्या. आनंदीबाई तर रोजच लुगडं नेसून शिकत होत्या.

पण फोटोत सगळं दिसत नाही. थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी आनंदीबाईंची तब्येत खालावत गेली. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक ठरली. पण परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. एका मराठी मुलीला परक्या मुलखातल्या मावशीनं आपल्या माणसांत जागा दिली, ती अशी कायमची.

ओकामी जपानला परतल्या, टोकियोच्या एका इस्पितळात काम करू लागल्या. पण बाई डॉक्टर म्हणून सम्राटानं त्यांच्याकडून सेवा घ्यायला नकार दिला आणि त्यांनी ती नोकरी सोडली. घरीच दवाखाना काढला. इस्लामबुलीही १८९० साली डॉक्टर झाल्या. तिघींची वाट सोपी नव्हती. पण निदान कार्पेंटरबाईंनी तरी आनंदीला दारातून परत पाठवलं नव्हतं.

तिकडून आलेलं बियाणं

कोणी म्हणेल, हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. आपल्या लहान गावांचा ह्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाशी काय संबंध? संबंध आहे बायांनो, आणि तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. तिथून पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या अमेरिका हिंडल्या. शाळा पाहिल्या, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडलं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं, त्याच पुढच्या बाया कर्वे. पुढे १९१५ च्या सुमारास अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाचं एक माहितीपत्रक पडलं. जपानात होऊ शकतं तर इथे का नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेच पुढे एसएनडीटी झालं.

माझ्यासारख्या कितीतरी जणी लग्नानंतर, मुलं सांभाळून, बाहेरून परीक्षेला बसून ह्याच विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. घरातली भांडीकुंडी आवरून रात्री अकराला पुस्तक उघडायचे, तेव्हा मला कुठे माहीत होतं, की माझ्या हातातल्या त्या पुस्तकामागे एक अमेरिकेतली मावशी आणि एक जपानचं माहितीपत्रक उभं आहे? विद्या अशीच येते. कोणीतरी तिकडे जातं, कोणीतरी इकडे येतं आणि जाता-येता बियाणं सांडतं.

आणि पुण्यातलीच आणखी एक गोष्ट. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे प्रमुख असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांना दिसलं, की एक मुलगी एका मुलाच्या खोलीच्या खिडकीतून रोज काहीतरी देते. मुलांच्या वसतिगृहात मुलगी! ते रागानंच चौकशीला गेले. पाहतात तर काय, मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं आजारी पडलेला आणि ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. परदेशी मुलांना ह्या शहरात कोणी विचारणारं नाही, ह्या जाणिवेतून त्यांनी १९७१ साली 'सिम्बायोसिस' सुरू केलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं मूळ बघायला गेलं तर काय निघालं? खिडकीतून आत दिलेला जेवणाचा डबा!

सासूबाई आणि गोल पोळी

तर माझ्या दिवाळीकडे येते. घरी आल्यावर मी भीत भीत विषय काढला. यजमान म्हणाले, "येऊ दे की." सासूबाईंनी आधी विचारलं, "कोणाची कोण?" मग विचारलं, "खाते काय?" आणि मग जरा वेळानं म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पोर एकटी खोलीत बसणार? आण तिला." मी ज्यांना घाबरत होते त्यांनीच मला सोडवलं!

ती एसटीनं आली, एकटी, हातात एक पिशवी. मी पोलिसांकडे द्यायची माहिती मैत्रिणीच्या मदतीनं आधीच भरली होती. परदेशी माणूस राहायला आला की तशी कळवायची पद्धत आहे, ती काही अवघड नाही. पहिल्या दिवशी सगळेच अवघडलेले. गल्लीतल्या पोरांनी घोळका केला. एका मोठ्या माणसानं तिच्या रंगावरून काहीतरी बोलला. तिला शब्द कळला नसेल, पण सूर कळला. ती मान खाली घालून आत आली. मी त्या माणसाला बोलले, पण बोलायला मला दोन मिनिटं उशीरच झाला.

दुसऱ्या दिवशी ती ओट्याशी आली आणि म्हणाली, "मी चपाती करू?" तिनं कणीक मळली, पोळी लाटली, तेल लावलं, गुंडाळी केली, ती गुंडाळी चक्रासारखी वळवली आणि परत लाटली. तव्यावर टाकल्यावर पदर सुटले. सासूबाई पाटावरून बघत होत्या. म्हणाल्या, "हिच्या आईनं वळण लावलंय हो!" आमच्याकडे ह्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

मग गप्पा निघाल्या. तिच्या भाषेत 'मामा' म्हणजे आई, हे कळल्यावर पोरं हसून लोळली. आईच्या धाकट्या बहिणीला ते म्हणतात 'मामा म्डोगो', म्हणजे धाकटी आई. मी म्हटलं, आमच्याकडे तिलाच मावशी म्हणतात; आणि 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण तिला समजावून सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, "तर मग मी तुम्हाला तसंच म्हणू?"

तिनं मला एक साधा प्रश्न विचारला होता, "माझ्या देशाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" मी आठवून आठवून 'सिंह' एवढंच म्हणू शकले. मी बी.ए. झालेली बाई! आफ्रिका म्हणजे एकच मोठा देश, असंच माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. तिथे पन्नासाहून जास्त देश आहेत. किलिमांजारो, आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर, तिच्या देशात आहे. २०२१ साली सामिया सुलुहू हसन ही बाई तिथे राष्ट्राध्यक्ष झाली. आणि आपल्या आयआयटी मद्रासनं २०२३ मध्ये परदेशातली पहिली शाखा उघडली ती तिच्याच देशातल्या झांझिबार बेटावर, तीही प्रीती अघलायम ह्या बाईंच्या हाताखाली. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला मात्र सावित्रीबाई फुले माहीत होत्या. पुणे विद्यापीठाला २०१४ पासून त्यांचं नाव आहे, म्हणून तिनं त्यांची माहिती शोधून वाचली होती. आता बोला, जगाचं भान कोणाला होतं?

मग करायचं काय?

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी मुलांत आता भारताचा पहिला नंबर आहे. २०२३-२४ मध्ये आपली ३ लाख ३१ हजारांहून जास्त मुलं तिथे होती, २०२४-२५ मध्ये ती ३ लाख ६३ हजारांवर गेली. आपल्याकडे येणारी परदेशी मुलं सरकारी पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये सगळ्या देशात मिळून सुमारे ४७ हजार. सर्वांत जास्त नेपाळची, शिवाय अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, आफ्रिकेतले देश अशा ठिकाणची. म्हणजे आपल्या जेवढ्या लेकी-लेकांना परक्या दारात उभं राहावं लागतं, त्यापेक्षा कितीतरी थोडी मुलं आपल्या दारात येतात. तेवढ्यांनाही आपण नीट वागवू शकत नसू, तर झेंडे लावून उपयोग काय?

२०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेनं विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी अन्न गोड लागत नव्हतं. 'आमच्या मुलीनं काय वाकडं केलंय कोणाचं?' हे वाक्य मी रोज ऐकत होते. अगदी खरं होतं ते. पण तेच वाक्य टांझानियातली एक आई पुण्यातल्या सोसायटीबद्दल म्हणत असेल, हे आपल्या ध्यानात येतं का?

विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी असे सोहळे जरूर करावेत. मुलांना आपला देश दाखवायला आवडतं, बघणाऱ्यांची नजर मोठी होते. नाच-गाण्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्या टेबलावरची चपाती पाहिली नसती तर आमच्या काकूंना ती मुलगी 'आपली' वाटलीच नसती. पण सोहळा हा उंबरठा आहे, घर नव्हे. विद्यार्थी यायच्या आधी चांगल्या घरमालकांची यादी तयार असावी. सणासुदीच्या सुट्टीत एक तरी मेस चालू राहावी. मुलगी आजारी पडली तर रात्री कोणाला फोन करायचा, ते तिला पहिल्या दिवशी सांगावं. आणि भाचीच्या विद्यापीठासारखी गावातल्या घरांची नावं घेऊन ठेवावीत. ह्याला फारसा पैसा लागत नाही, माणसं लागतात.

आणि ती माणसं आपण आहोत. 'आमच्या गावात कुठे आलेत परदेशी?' असं म्हणू नका. तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजात, इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात जाऊन बघा. नेपाळची मुलगी सापडेल. नाहीतर आपल्याच देशाच्या मणिपूरची, मिझोरामची सापडेल, जिला आपले लोक रस्त्यात 'परदेशी' समजून चिडवतात. महिन्यातून एक रविवार तिला जेवायला बोलवा. बचत गटाच्या, भिशीच्या, भजनी मंडळाच्या बायकांनी वाटून घेतलं तर कोणावर भारही पडत नाही. खोली भाड्यानं द्यायची असेल तर कागदपत्रं जरूर बघा, महाविद्यालयाला फोन करून खात्री करा. पण चेहरा बघून दार लावू नका. तिच्या केसांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि तिला आपल्याबद्दल सांगण्याआधी तिच्या देशाबद्दल दोन गोष्टी विचारा. मी लाजले, तुम्ही लाजू नका!

घरात शिकणारी मुलं असतील तर त्यांना सोबत बसवा. जगाचा नकाशा बाजारात स्वस्तात मिळतो. तो भिंतीवर लावा आणि पाहुणी आली की तिच्या हातानं तिच्या गावाच्या जागी टाचणी टोचून घ्या. आमच्या दिवाणखान्यात तसा नकाशा आहे. त्यावर सध्या दोन टाचण्या आहेत. एक भाचीच्या विद्यापीठाच्या गावाची, एक टांझानियातली.

त्या मुलीला पुढे पुण्यात खोली मिळाली, एका एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईंकडे. अर्थात आठव्या दारानं उघडावं म्हणून आधीची सात बंद व्हायला हवी होती असं नाही. यंदाच्या दिवाळीत तिची परीक्षा होती, ती येऊ शकली नाही. सासूबाईंनी मात्र लाडवांचा डबा पाठवायला लावला आणि वर चिठ्ठीत लिहायला सांगितलं, 'संक्रांतीला ये.'

आता संक्रांत जवळ आलीच आहे. हळदीकुंकवाची यादी तुम्ही कराल, वाणाला काय द्यायचं ते ठरवाल. त्या यादीत ह्या वर्षी एक नाव असं घाला, जे तुम्हाला नीट उच्चारताही येत नाही. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा येईल. तिळगूळ द्यायला तेवढं पुरे आहे.